आडनाव दिसतं, पण सापडत नाही

गोऱ्हे, कऱ्हाडे, कुऱ्हाडे. या आडनावांतला 'ऱ्ह' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं. नोंद एका तऱ्हेने झाली, शोधणाऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलं, की उत्तर येऊ शकतं: 'नोंद आढळली नाही'.

हे झालं कसं? १९६३ साली अमेरिकेत 'ॲस्की' संकेत ठरला. त्यात जागा फक्त १२८, म्हणजे इंग्रजीपुरत्या. बाकीच्यांनी मग आपापली सोय लावली. गोव्यातलं 'जुआंव' पोर्तुगीजमध्ये लिहिताना स्वरावर नागमोडी खूण लागते. यूटीएफ-८ मधली नोंद जुन्या 'लॅटिन-१' पद्धतीने वाचली, की त्या एका अक्षराची दोन होतात आणि नावात चक्क पौंडाचं चिन्ह उगवतं!

आपल्याकडे १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक आलं. त्यात पापणीसारखा दिसणारा हा अर्धा र लिहायला नुक्ता असलेला 'ऱ' वापरायचा, असं ठरलं. युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतली रीत वेगळी होती: साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पुढे इस्कीची रीत घेतली, पण जुना मजकूर मोडू नये म्हणून दुसरीही ठेवली. हेतू चांगलाच होता. पण दोन्ही रीती आजतागायत चालू आहेत.

पोर्तुगीजवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं. खूण जोडलेलं अक्षर आणि अक्षर अधिक सुटी खूण, ही दोन्ही रूपं युनिकोड समान मानतो. आपल्या दोन 'ऱ्ह'ना तो समान मानत नाही. म्हणजे ही जुळणी ज्याने त्याने आपल्या प्रणालीत स्वतः करायची.

माझं म्हणणं एवढंच, की मतदार यादी असो, सातबारा असो वा शाळेचा दाखला, मराठी नावं साठवणाऱ्या प्रत्येक प्रणालीने शोधताना ही दोन्ही रूपं एकच धरावीत. काम अवघड नाही. निविदेत तशी एक अट घातली, तरी पुरे. नाहीतर आपलं नाव आपलंच आहे, हे सिद्ध करायला माणसाने कागद घेऊन हेलपाटे का घालायचे?

तुमच्या आडनावात 'ऱ्ह' किंवा 'ऱ्य' असेल, तर फोनवरून आणि संगणकावरून शोधून बघा. काय दिसलं ते खाली जरूर लिहा.