धाकटीचे घराणे

माझा एक मामेभाऊ इंग्लंडात रेडिंगला राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने आपली २४५ अश्वशक्तीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय विकली आणि तिच्या जागी त्याच कंपनीची 'अप! जीटीआय' नावाची वापरलेली गाडी घेतली. ताकद निम्म्याहून कमी, लांबी जेमतेम ३.६ मीटर. बातमी पुण्यात पोचली त्या रात्री मामीने फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "नोकरी ठीक आहे ना रे?" मामीचे काही चुकले असे मला वाटत नाही. आपल्या घरांतली वाहनांची शिडी चढण्यासाठीच असते. सायकल, मग लूना, मग बजाजची स्कूटर, मग मारुती, मग डिकीवाली, आणि आता जमिनीपासून चांगली उंच एसयूव्ही. कोणी एक पायरी खाली उतरला की काहीतरी बिनसले आहे असे आपण धरूनच चालतो. पण मामेभावाने विकलेली आणि घेतलेली, या दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या. त्या घराण्याची वंशावळ उलगडून पाहिली तर यातली थोरली कोण आणि धाकटी कोण, हेच सांगणे अवघड होऊन बसते.

या घराण्याला इंग्रज मोटार-पत्रकारांनी ऐंशीच्या दशकात 'हॉट हॅच' हे नाव दिले. नावातले दोन शब्द दोन वेगळ्या कुळांतून आलेले आहेत. आपण आधी दुसऱ्याकडे वळू, कारण वयाने तो मोठा. हॅच म्हणजे गाडीच्या पाठीमागचा, काचेसकट उघडणारा पाचवा दरवाजा. त्याचा जन्म शौकासाठी झालेला नाही. १९३८ साली सित्रोएनने आपल्या 'त्राक्सियाँ आव्हाँ' गाडीचा 'कोमेर्सियाल' नावाचा अवतार काढला. तिच्या पाठीला दुभागलेले झाकण होते, एक भाग वर आणि एक खाली उघडणारा. गिऱ्हाईक ठरलेले होते : खाटीक, पाववाले, फिरते व्यापारी. युद्धानंतर, १९६१ साली रेनोने 'रेनो ४' आणली तीही शेताच्या बांधावर आणि बाजाराच्या गर्दीत वापरायची गाडी म्हणून. १९६५च्या 'रेनो १६'ने मात्र हा दरवाजा मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात आणून ठेवला. तेव्हा पाचव्या दरवाजाचे मूळ दुकानदारीत आहे, हे लक्षात ठेवू. पुढे त्याला जी श्रीमंती चिकटली ती उसनी आहे.

'हॉट'चे कूळ ब्रिटनमधले, आणि त्याच्या मुळाशी पेट्रोलची टंचाई आहे. १९५६ साली इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, त्यातून संकट उभे राहिले आणि वर्षअखेरीस ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर गेले. लोक जर्मन बनावटीच्या तीनचाकी, बुडबुड्यासारख्या गाड्या घेऊ लागले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या डोळ्यासमोर नको होत्या. त्यांनी स्मर्ना शहरात जन्मलेले अभियंते अॅलेक इसिगोनिस यांच्यावर खरीखुरी छोटी गाडी करण्याचे काम सोपवले. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या पोटात तेलाच्या टाकीतच घातली, चाके दहा इंचांची घेतली आणि दहा फूट लांबीत चार माणसे बसवून दाखवली. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ही मिनी बाजारात आली. तिला पाचवा दरवाजा नव्हता. होती ती एक चिमुकली डिकी, आणि तिचे झाकण खाली उघडे. सामान फार झाले की झाकण आडवे ठेवून त्यावर बॅग बांधायची आणि तसेच निघायचे. नंबरप्लेट बिजागरीवर टांगलेली असल्यामुळे झाकण आडवे झाले तरी ती आपोआप उभी लोंबे आणि मागच्या पोलिसाला नंबर वाचता येई. असल्या एका बिजागरीसाठी मी इसिगोनिस यांना दहा शर्यती माफ करीन.

शर्यती त्यांना तशा नकोच होत्या. ही गोरगरिबांची गाडी, असे त्यांचे मत. ते मोडून काढले जॉन कूपर यांनी. त्यांच्या संघाने १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे फॉर्म्युला वनचे निर्मात्यांचे विश्वविजेतेपद मिळवले होते. मिनी रस्त्याला कशी चिकटते हे त्यांच्या जाणत्या हातांना आधी कळले. ८४८ सीसी आणि ३४ अश्वशक्तीची ती गाडी १९६१ साली ९९७ सीसी आणि ५५ अश्वशक्तीची 'मिनी कूपर' झाली. पुढे मॉन्टे कार्लोच्या बर्फाळ रॅलीत तिने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकले. १९६६ साली पहिल्या तिन्ही क्रमांकांवर मिनीच होत्या, पण पुढच्या दिव्यांचे कारण काढून त्यांना बाद केले गेले आणि बक्षीस एका सित्रोएनला मिळाले. या प्रकरणाचा निकाल इंग्रजांच्या आणि फ्रेंचांच्या घरी आजही वेगवेगळा लागतो. ते काही असो. छोटी गाडी वळणावर मोठीला भारी पडते हे जगाने पाहिले. ताकद थोडी असली तरी वजन कमी असेल तर बाजी मारता येते, हा या घराण्याचा मूळ मंत्र, आणि तो मिनीने दिला.

दोन्ही कुळांची सोयरीक सत्तरच्या दशकात झाली. मान जर्मनांकडे जातो, पण आधीचे दोन विसरलेले पूर्वज सांगितले पाहिजेत. १९७१ साली इटलीत 'ऑटोबियांकी ए११२ अबार्थ' आली, जेमतेम ५८ अश्वशक्तीची. त्यानंतर दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये 'सिम्का ११०० टीआय' आली, ८२ अश्वशक्तीची. दोघींना पाचवा दरवाजा होता आणि दोघी पळत होत्या. दोघींच्या वाट्याला मोठे नाव आले नाही, इतकेच.

फोक्सवॅगनमध्ये तर हे काम चोरून झाले. १९७३च्या मार्चमध्ये आल्फोन्स लोव्हेनबेर्ग या अभियंत्याने काही सहकाऱ्यांना टिपण पाठवले : येऊ घातलेल्या गोल्फची एक खेळकर आवृत्ती करू या. वरिष्ठांचा हुकूम नव्हता, पैसाही मंजूर नव्हता. प्रसिद्धी विभागाचे प्रमुख आंटोन कोनराड यांच्या घरी या मंडळींच्या बैठका होत. अखेर १९७५च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय लोकांसमोर आली आणि १९७६च्या उन्हाळ्यात १३,८५० मार्कांना विकायला लागली. १.६ लिटरचे इंजिन, ११० अश्वशक्ती, वजन ८१० किलो, लांबी ३.७ मीटर, शंभरचा वेग सुमारे नऊ सेकंदांत. आतली सजावट गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांची. गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ आणि चौकटीच्या कापडाच्या सीटा, या दोन्ही कल्पना त्यांच्या. कंपनीने ५,००० गाड्यांचा बेत केला होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक खपल्या.

मग सगळेच धावले. रेनोची 'आल्पीन' त्याच १९७६ साली, आणि १९८४ साली प्यूजोची २०५ जीटीआय. अनेक जाणकार आजही या २०५लाच घराण्याचा मुकुटमणी मानतात. पण सुगी फार टिकली नाही. ऐंशीचे दशक सरताना ब्रिटनमध्ये पोरे या गाड्या चोरून रात्री वस्त्यांतून उडवू लागली. विमा इतका महागला की पंचविशीतल्या मुलाला गाडीपेक्षा हप्ता जड जाई. १९९२ साली ब्रिटिश संसदेने असल्या चोऱ्यांसाठी खास कायदा केला. वेगवान छोटी गाडी हे नाव काही वर्षे भल्या घरात घेण्यासारखे उरले नाही.

त्याच सुमाराला या गाड्यांच्या अंगाला मांस चढू लागले. अपघातात माणूस वाचावा म्हणून दारांत लोखंड आले, मग एअरबॅगा, एसी, आवाज कोंडणारे थर. यातले एकही वाईट नाही. १९७६च्या गोल्फमध्ये बसून मी आजच्या एक्स्प्रेसवेवर जाणार नाही. शिवाय गिऱ्हाइकाचेही वय वाढले, त्याला मुले झाली, आणि कंपनीने गाडी त्याच्याबरोबर मोठी केली. आठव्या पिढीची गोल्फ जीटीआय ४.२८ मीटरच्या आसपास लांब आणि १,४०० किलोंहून जड आहे. मूळ गोल्फ १.६१ मीटर रुंद होती, ही १.७९ मीटर. नाव तेच राहिले, अंग बदलले. आणि जुन्या अंगाची रिकामी जागा दर वेळी खालच्या भावंडाने घेतली. १९७५चा पोलो साडेतीन मीटरचा होता. तोही वाढत वाढत आज चार मीटरच्या पुढे, म्हणजे पहिल्या गोल्फहून चांगलाच लांब झाला आहे. मग त्याच्या खाली लुपो आली, २००० साली तिची १२५ अश्वशक्तीची जीटीआय निघाली. लुपो गेल्यावर काही वर्षांनी तिची पायरी 'अप!'ने धरली. २०१८च्या 'अप! जीटीआय'चे आकडे आपण पहिल्या गोल्फशेजारी मांडून पाहू : लांबी ३.६ मीटर, तीन सिलिंडरचे एक लिटरचे टर्बो इंजिन, ११५ अश्वशक्ती, वजन एक टनाच्या आतबाहेर, शंभरचा वेग ८.८ सेकंदांत. सीटांवर कापडही चौकटीचेच. मामेभाऊ एक पायरी उतरला खरा, पण उतरून पोचला तो १९७६ साली.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती थेट आपल्या दारातून जाते. जपानमध्ये 'केई' वर्गाच्या गाड्यांना लांबी, रुंदी आणि इंजिन यांची सरकारी मर्यादा असते. ऐंशीच्या दशकात इंजिनाची मर्यादा ५५० सीसी होती. १९८७ साली सुझुकीने एवढ्याशा इंजिनाला टर्बो लावून ६४ अश्वशक्ती काढली आणि 'आल्टो वर्क्स' विकायला ठेवली. बाकीच्या कंपन्यांनी याच्या पुढे न जाण्याचे आपसांत ठरवले, आणि केई गाड्यांची ६४ची ती वेस आजही कायम आहे. ही वर्क्स ज्या पिढीच्या आल्टोवर बेतली होती, तीच पिढी १९८६ सालापासून आपल्याकडे 'मारुती ८००' म्हणून धावत होती. लग्नात मिळालेली, आजोबांना दवाखान्यात नेणारी, गणपती मांडीवर घेऊन येणारी आपली पांढरी मारुती या घराण्याची सख्खी चुलत बहीण होती, आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

आपल्या देशात या घराण्याची शाखा उशिरा फुटली आणि मुख्यतः महाराष्ट्राच्या मातीत वाढली. २००१ साली फियाटची १.६ लिटरची 'पॅलिओ जीटीएक्स' आली, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून. मग २००६च्या फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. अट अशी की लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत हवे. युरोपात लहान होणे ही हौस होती, आपल्याकडे ती करसवलत ठरली. या अटीत चपखल बसलेली गाडी म्हणजे २०१३ची 'पोलो जीटी टीएसआय', चाकणला बनलेली, १,१९७ सीसी आणि १०५ अश्वशक्तीची. पहिल्या गोल्फ जीटीआयहून फक्त पाच कमी. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून १४५ अश्वशक्तीची 'पुंटो अबार्थ' निघाली आणि काही वर्षांत बंदही झाली. २०२२ साली पोलोही गेली. आपले गिऱ्हाईक तोवर एसयूव्हीच्या पायरीवर चढले होते. खुद्द गोल्फ जीटीआय भारतात रीतसर आली ती २०२५ साली, सुमारे ५३ लाख रुपयांना आणि मोजक्याच संख्येने. खाटकाच्या पाचव्या दरवाजाने केवढी मजल मारली!

'अप!'चे उत्पादनही २०२३ साली थांबले. मामेभावाला ती वापरलेली घ्यावी लागली ती म्हणूनच. गाडी का बदललीस, असे मी त्याला विचारले तेव्हा त्याने गॅरेज दाखवले. घर जुने, गॅरेज मिनीच्या काळातले. त्यात गोल्फ शिरायची ती आरसे मिटून, आणि मग दार अर्धवट उघडून त्याला पोट आत ओढून बाहेर पडावे लागे. "आणि इथल्या गावरस्त्यांवर ती गाडी दुसऱ्या गिअरमध्येच तोंड दाबून चालवायची. हिला पूर्ण दाबता येते," तो म्हणाला. तोटेही त्याने लपवले नाहीत. हायवेवर आवाज येतो, मागे माणसे आखडून बसतात, आणि डिकी २५१ लिटरची.

त्या डिकीची परीक्षा यंदाच्या उन्हाळ्यात झाली. मामी हीथ्रोला उतरली ती दोन मोठ्या बॅगा घेऊन. एक आत गेली, दुसरीसाठी मागच्या सीटची अर्धी पाठ पाडली, तरी भाजणीची पिशवी उरलीच. ती मांडीवर घेऊन मामी पुढे बसली. एम-फोर महामार्गावर लागल्यावर मुलाने १९७५ सालापासून सुरुवात केली. मामीने सीटचे कापड बोटांनी चाचपून पाहिले आणि म्हणाली, "अण्णांची लुंगी अशीच होती रे."