निळ्या रंगाची कुळकथा

१८१० साली प्लांश या फ्रेंच औषधनिर्मात्याने ग्वायाकम झाडाच्या राळेच्या अर्कात हॉर्सरॅडिशचे ताजे मूळ बुडवले आणि अर्क निळा झाला. मोहरीच्या कुळातल्या या झणझणीत मुळात पेरॉक्सिडेज नावाचे विकर असते, हे पुढे कळले. त्याच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड मिळाले की हे विकर रंगहीन द्रव्याला रंग आणते. विसाव्या शतकात ते एलायझासारख्या चाचण्यांत रुजले. पण विकर हे प्रथिन. उष्णतेने, आम्लाने ते बिघडते आणि शुद्ध करायलाही महाग पडते.

एकटे लोहही पेरॉक्साइडला कामाला लावते, हे फेंटनने १८९४ मध्येच दाखवले होते. तरीही मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोह ऑक्साइडचे, नॅनोकण निष्क्रियच मानले जात. प्रयोगशाळेत त्यांच्यावर विकरे किंवा प्रतिपिंडे चिकटवत आणि चुंबकाने ओढून घेत. कणांचे काम फक्त वाहून नेण्याचे. २००७ मध्ये बीजिंगच्या यान शियून आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हे कण स्वतःच पेरॉक्सिडेजचे काम करतात. टीएमबी या रंगहीन द्रव्यात कण आणि पेरॉक्साइड घातले की द्रव निळा होतो. वरून आम्ल टाकले की पिवळा. अशा पदार्थांना आज नॅनोझाइम म्हणतात. हे नाव इटलीतील संशोधकांनी २००४ मध्येच विकरासारखे वागणाऱ्या सुवर्णकणांना दिले होते.

२००८ मध्ये चीनमधल्याच वेई हुई आणि वांग अर्कांग यांनी या कणांवर ग्लुकोजची चाचणी बसवली. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ग्लुकोजपासून पेरॉक्साइड तयार करते. मग लोहकण एबीटीएस हे द्रव्य हिरवे करतात. ग्लुकोज जितके जास्त, तितका रंग गडद.

इथेच या कणांची मर्यादाही दिसते. रंग आणला लोहकणांनी, पण ग्लुकोज ओळखले ते खऱ्या विकराने. नॅनोकण उष्णता सोसतात, स्वस्तात बनतात, चुंबकाने परत गोळा करता येतात. मात्र नेमका रेणू हेरण्याची विकराची नजर त्यांच्याकडे नाही. समोर दुसरे ऑक्सिडीकारक द्रव्य आले तरी रंग येऊ शकतो. म्हणून नॅनोझाइमवर आधारलेली चाचणी पारखताना रंग किती गडद येतो, याआधी तो नेमका कशामुळे येतो, हे विचारावे.