केडगावच्या रमाबाई आणि विद्यापीठातली तक्रार समिती

दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत कॉलेजच्या मुली असतात, शिरूरहून एसटीनेही जातात. त्यांतल्या कितीतरी आपल्या गटातल्या बायांच्या लेकी. फीसाठी गटाचं कर्ज काढतो आपण. पण तिथे कुणी तिला जातीवरून टोमणे मारले, कुणी सर अंगलट आले, तर दाद कुठे मागायची? ही दाद मागायची वाट एका दिवसात झालेली नाही. ती कशी झाली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्याच दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी १८८२ साली सरकारचा हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करायला आला, तेव्हा पुण्यात रमाबाईंनी साक्ष दिली. शिकलेले पुरुषच बाईच्या शिक्षणाच्या आड येतात, तिच्या बारीकशा चुकीचा राईचा पर्वत करतात, असं त्यांनी आयोगाला सुनावलं. बायांना बाई डॉक्टर हवी, हेही मांडलं. तेव्हा त्या जेमतेम चोविशीतल्या होत्या!

त्याच दशकात नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकायला आली. वर्गात सगळे मुलगे. ती येताना दिसली की ते दार लावून घ्यायचे. तरी ती परीक्षेत वरचा नंबर काढून मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. त्या गुणांवर विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण बाई म्हणून नाकारली. मग ओळखीच्या लोकांनी वर्गणी काढून तिला ऑक्सफर्डला पाठवलं. तिथे १८९२ साली तिने कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं. तीस वर्षं! आम्हाला यात दार लावणाऱ्या पोरांपेक्षा शिष्यवृत्ती नाकारणारा कागद जास्त खटकतो. पोरं खोडसाळ म्हणता येतील, तो कागद मात्र विचार करून लिहिलेला होता. आणि दोन्हींबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती.

ती जागा मिळाली एका खेड्यातल्या बाईमुळे. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी सरकारी योजनेत 'साथिन' होती, म्हणजे आपल्यासारखीच गावात काम करणारी. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टात आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. पण विशाखा आणि इतर संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला कोर्टाने कामाच्या जागी तक्रार समिती हवी असा निकाल दिला. त्याचा २०१३ साली कायदा झाला. आज प्रत्येक विद्यापीठात, कॉलेजात जी अंतर्गत समिती असते, ती यातूनच आली.

या समितीची अध्यक्ष बाईच असते, निम्म्या तरी सदस्य बाया असतात आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची असते. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थीही बसतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. उशिराला सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवते. चौकशी ९० दिवसांत संपवायची.

जातीवरून होणाऱ्या छळाचं मात्र अजून घोंगडं भिजत पडलंय. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राने १९९९ लाच केला. तक्रार आल्यावर सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची, दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद. भेदभाव रोखायचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१२ साली आले. तरी मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची, आदिवासी तडवी समाजातली, बायांची डॉक्टर व्हायला शिकत होती. वरच्या वर्गातल्या डॉक्टर जातीवरून छळत होत्या, आधी सांगूनही कुणी लक्ष दिलं नाही, असं घरच्यांचं म्हणणं. त्यावर खटला उभा राहिला. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका, या दोघी मिळून त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात गेल्या. नवा कायदा नाही, आहेत ते नियम तरी पाळा, हे त्यांचं मागणं.

समितीच्या सदस्यांची नावं दर्शनी जागी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. येत्या जूनमध्ये लेकीच्या प्रवेशाला जाल, तेव्हा तो फलक कुठे आहे ते विचारा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घ्या. रॅगिंगसाठी फुकट फोन लागतो: १८००-१८०-५५२२. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर हा नंबर आजच लिहा.