येझदीच्या डब्यातला पाना : घरच्या घरी गाडी दुरुस्त करण्याचा इतिहास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आजचा इतिहास आहे रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून, त्यावर प्लग, पाना आणि पकड मांडून बसणाऱ्या माणसाचा. आपल्या आधीच्या पिढीत असे लोक घरोघरी होते. आज ते का दिसत नाहीत? "हल्लीच्या पोरांना हात काळे करायला नकोत" हे उत्तर मी लहानपणापासून ऐकतोय. मला ते पटत नाही. खरं उत्तर गाडीच्या रचनेत आहे आणि त्या काळाच्या कायद्यात आहे.

तीन गाड्या आणि एक कायदा

1951 साली उद्योग (विकास आणि नियमन) कायदा आला. कारखान्याने काय आणि किती बनवायचं, त्यासाठी सरकारचा परवाना लागू लागला. परदेशी गाड्यांची आयातही जवळजवळ बंद झाली. मग मोटरसायकली इथेच बनायला लागल्या. 1955 मध्ये मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डशी हातमिळवणी केली आणि बुलेट इथे आली. 1961 च्या सुमारास म्हैसूरला आयडियल जावा सुरू झाली. ती काढली रुस्तम आणि फारोख इराणी यांनी, आणि मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. पुढे 1973 मध्ये तिचं नाव येझदी झालं. 1962 पासून एस्कॉर्ट्सची राजदूत आली, तिचं मूळ पोलंडचं. पुढची वीसेक वर्षं मोटरसायकल म्हटलं की मुख्यतः हीच तीन नावं.

स्पर्धा नसल्यामुळे मॉडेल बदलायची घाई कोणालाच नव्हती. ग्राहकाच्या दृष्टीने हा तोटाच. पण याचा एक परिणाम कोणी ठरवून केलेला नव्हता. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: वीस-पंचवीस वर्षं व्हर्जन बदललंच नाही. त्यामुळे एकदा शिकलेलं ज्ञान शिळं होत नव्हतं. काकांनी 1965 मध्ये जे शिकून घेतलं, ते पुतण्याला 1985 मध्येही कामाला येत होतं.

बिघाडाला लपायला जागा कमी

आता गाडीकडे वळू. आमच्या घरी बाबांची येझदी आहे, म्हणून उदाहरण तिचंच. 250 सीसीचं, एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. किक मारायची आणि गिअर टाकायची दांडी एकच! एका बाजूच्या डब्यात बॅटरी, दुसऱ्या बाजूच्या डब्यात हत्यारं. म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडणार आणि ती तुम्हीच चालू करणार, हे कंपनीने गृहीतच धरलेलं होतं.

अशी गाडी चालू होत नसेल तर प्रश्न मोजून तीनच. पेट्रोल येतंय का? ठिणगी पडतेय का? दाब तयार होतोय का?

पेट्रोलपासून सुरुवात करा. कॉक उघडा आहे ना, रिझर्व्हला लावून बघितलं ना? गाडी चार-पाच किलोमीटर नीट चालून बंद पडत असेल आणि टाकीचं झाकण उघडलं की पुन्हा चालू होत असेल, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. टाचणीने काम होतं.

मग ठिणगी. आधी हॉर्न वाजवा. आवाज दमलेला असेल तर बॅटरी बसलीय, आणि या गाडीची ठिणगी बॅटरीवरच अवलंबून असते. हॉर्न ठणठणीत असेल तर प्लग काढा आणि त्याचा रंग बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल जास्त किंवा हवा कमी. पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. प्लग टोपीत घालून, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवून किक मारा. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरायचा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळट आणि मरतुकडी असेल तर उजव्या बाजूचं कव्हर काढून पॉइंट बघायचे.

पॉइंट म्हणजे धातूचे दोन छोटे तुकडे. ते उघडले की कॉइलमधून ठिणगी सुटते. ते काळे पडतात, घासले जातात. बारीक पॉलिश पेपरने साफ करायचे आणि उघडल्यावरचं अंतर फिलर गेजने साधारण 0.4 मिलिमीटर ठेवायचं. पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि गाडी तापली की बंद, थंड झाली की चालू असा खेळ चालला असेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यायचा.

गाडी चालू होते पण ओढत नाही? मग सायलेन्सर उघडा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या गाडीत काजळी साठतेच. आणि किक अगदी हलकी लागत असेल तर मात्र घरचं काम संपलं. सिलिंडर बोअर करायला लेथवाल्याकडेच जावं लागतं.

यात काय दिसतं? प्रत्येक बिघाड डोळ्यांना, कानांना किंवा पायाला कळतो. म्हणूनच शाळा अर्धवट सोडलेली मुलं गॅरेजमध्ये उस्ताद झाली. चार वर्षं बीटेक करून मी जे 'डिबगिंग' शिकलो, ते त्यांना किकच्या आवाजावरून यायचं.

1985 : विसरून जा

मग 1980 च्या दशकात धोरण सैल झालं आणि जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसोबत आल्या. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोल कमी पिणारी, ऑइल मिसळायची भानगड नाही. तिची जाहिरात आठवते? पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. विकायची गोष्ट होती ती विसरणं! त्याच वर्षी यामाहाची आरएक्स 100 पण आली आणि पोरं तिच्या वेगावर फिदा झाली.

ज्यांना रोज तीस किलोमीटर कामाला जायचं होतं, त्यांच्यासाठी हे वरदान होतं. रविवारची सकाळ मोकळी झाली, हे विसरू नका. पुढे पॉइंटची जागा सीडीआयने घेतली. त्यात घासायला काही नाही. बिघडलं की डबी बदला. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोकचं दुकान बंद झालं. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना थांबला, आरएक्स 100 चं उत्पादनही त्याच वर्षी संपलं. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, कार्ब्युरेटर गेला, सेन्सर आले. आता गाडी स्कॅनरशी बोलते. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी हे गरजेचं होतं, यात वाद नाही. पण आपल्या मालकीच्या वस्तूला आतून बघण्याचा आपला हक्क त्या सौद्यात कुठे गेला, हे कोणी विचारलं नाही.

आत्ताचा प्रश्न

जुन्या गाड्या अजून आहेत. पंधरा वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षं वाढवता येते. स्पेअर पार्ट पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी शोधता येतात. पण सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच महाराष्ट्राच्या उसाचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी उभी राहिली की टाकी गंजते, जुने रबरी पाइप आणि सील खराब होतात. म्हणून पंधरा दिवस गाडी काढणार नसाल तर कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका आणि जुना पाइप बदलून घ्या. हे 1975 च्या पुस्तिकेत सापडणार नाही.

माझ्या दृष्टीने खरी निकड वेगळीच आहे. पॉइंट लावणारे उस्ताद आता साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांचं ज्ञान कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या गल्लीत असा कोणी असेल तर या रविवारी जाऊन बसा. फोन आहेच हातात, त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा. त्यांना विचारा, "काका, आवाजावरून कसं ओळखता?" आणि जे सांगतील ते आम्हाला व्हॉइस नोटने नक्की पाठवा. निवडक नोट्सचा एक वेगळा भाग करू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हेल्मेट घाला, गाडी जपून चालवा!