पुण्याची वेधशाळा आणि आकाशगंगेतील वायू

भंडारा जिल्ह्यातील शहापूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे चैत्रातील पहाटे तेथून दक्षिणेकडे पाहिले असता धनू राशीतील आकाशगंगेचे केंद्र क्षितिजापासून सुमारे ४० अंश उंचीवर येते. मात्र ते डोळ्यांना दिसत नाही, कारण सूर्य आणि केंद्र यांमधील सुमारे २६,००० प्रकाशवर्षांच्या अंतरात विखुरलेली धूळ दृश्य प्रकाश अडवते. आकाशगंगा म्हणजे केवळ ताऱ्यांचा समूह नसून तिच्यात वायूचेही प्रचंड साठे आहेत, हे ज्ञान ज्या वेधांतून घडत गेले त्यांत महाराष्ट्राचा वाटा दोन वेगवेगळ्या कालखंडांतील आहे, आणि त्या दोहोंमधील पोकळी बोलकी आहे.

पहिल्या कालखंडाचे नायक खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला होत. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि सरकारी अनुदान यांतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, आणि ग्रब यांच्या कारखान्यात घडवलेली तेथील २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी ठरली. प्रकाशाचे पृथक्करण करून त्याचा वर्णपट, म्हणजे रंगांचा क्रमवार पट्टा, दाखवणाऱ्या उपकरणाने काही तेजोमेघ वायुरूप असल्याचे विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्येच दाखवले होते. परंतु त्या वर्णपटातील प्रमुख हिरवट रेषा मॅग्नेशियममुळे उमटते आणि तेजोमेघ हे उल्कांचे थवे आहेत, असा नॉर्मन लॉकयर यांचा आग्रह होता. नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे वेध घेऊन ती रेषा सर्व परिस्थितींत रेखीवच राहते, लॉकयर यांच्या मताप्रमाणे एका बाजूस पसरट होत नाही, हे १८९१ मध्ये नोंदवले. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचा उलगडा आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये केला, तेव्हा पुण्यातील वेधशाळा उरलीच नव्हती: नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त होताच ती बंद करून तिची उपकरणे कोडाईकनालला हलवण्यात आली होती. एका व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर संस्था संपावी, हे त्या काळच्या शासकीय विज्ञानधोरणाचे मोठे वैगुण्यच म्हटले पाहिजे.

आकाशगंगेची रचना उलगडली ती नेमकी या पोकळीत. सूर्य केंद्रापासून फार दूर असल्याचे हार्लो शॅपली यांनी १९१८ च्या सुमारास दाखवले. केंद्राजवळचे आणि दूरचे तारे वेगवेगळ्या कोनीय गतीने फिरतात, हे यान ऊर्ट यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले. थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडत असावा, हे व्हान डे हुल्स्ट यांचे १९४४ मधील भाकीत १९५१ मध्ये खरे ठरले. या लहरी धुळीतून आरपार जातात, आणि वायू जवळ येत असेल तर तरंगलांबी किंचित घटते, दूर जात असेल तर वाढते. त्यामुळे सर्पिल भुजांमधील वायूची गती मोजता येऊ लागली.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या कालखंडाचा धागा येथेच जुळतो: २१ सेंटिमीटर लहरींच्या शोधाची पुष्टी करणाऱ्या केंद्रांपैकी एक असलेल्या ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथे भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी काही काळ काम केले होते. तेथील १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या भारताला मिळाल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने १९६५ मध्ये कल्याणला बसवल्या गेल्या. त्या तबकड्यांनी वेध घेतला तो मात्र सूर्याचा. पुढे जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही दुर्बीण साकारली. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांच्या जाळीचा ठेवल्यामुळे वजन, वाऱ्याचा दाब आणि खर्च हे तिन्ही कमी झाले. या दुर्बिणीने ६२० मेगाहर्ट्झला टिपलेला केंद्रस्थ सॅजिटेरियस ए-स्टार हा स्रोत, ज्याला आज महाकाय कृष्णविवर मानले जाते, त्याच दिशेला दिसणाऱ्या आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित, वायुमेघाच्या मागे नसून पुढे आहे, असा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला: स्रोत मागे असता तर कमी वारंवारतेच्या लहरी त्या वायूने बऱ्याच अंशी शोषून घेतल्या असत्या.