विहिरीतलं विष, मनातलं विष

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे होती. जपानात तोक्यो-योकोहामा भागात घरोघरी चुली पेटलेल्या, तोच प्रचंड भूकंप झाला. आगी भडकल्या, लाखावर माणसे गेली. तारा तुटल्या, बहुतेक छापखाने जळाले. खरी बातमी कळायला मार्गच उरला नाही. त्याच संध्याकाळपासून आवई उठली : कोरियन लोकांनी विहिरींत विष कालवलं, तेच आगी लावत सुटलेत!

पाहिलं कोणी? कोणीच नाही. मग पटलं कसं? कारण मनं आधीच तयार होती. १९१० साली जपानने कोरिया गिळला. तिथली गरीब माणसे पोटासाठी जपानात आली, कमी मजुरीवर राबली. १९१९ साली कोरियात स्वातंत्र्याचा उठाव झाला. तेव्हापासून वर्तमानपत्रांनी त्यांना कटवाले म्हणूनच रंगवले होते. म्हणून घरांच्या भिंतीवरची दूधवाल्याची खडूची खूणदेखील विषाची निशाणी ठरली! ३ सप्टेंबरला तर गृहखात्यानेच बिनतारी संदेशाने ही अफवा प्रांतोप्रांती कळवली. सरकारी शिक्का बसल्यावर शंका कोण घेणार?

नाक्यानाक्यावर टोळ्या उभ्या राहिल्या. वाटसरूला ‘पंधरा येन पन्नास सेन’ असे जपानीत म्हणायला लावत. उच्चार चुकला की मरण. हजारो कोरियन मारले गेले. सहा हजारांचा आकडा नेहमी सांगितला जातो.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. ६ सप्टेंबरला चिबा प्रांतातल्या फुकुदा गावी, दूर कागावाहून आलेल्या औषधविक्यांना जमावाने घेरले. बोली वेगळी, म्हणजे कोरियनच! नऊ जणांना ठार केले. ते होते बुराकू समाजाचे, म्हणजे जपानातलेच अस्पृश्य.

उलट त्सुरुमीचे पोलीस अधिकारी ओकावा यांनी तीनशेवर कोरियनांना ठाण्यात आसरा दिला. ‘विषारी’ म्हटलेले पाणी त्यांनी जमावासमोर स्वतः पिऊन दाखवले, असे सांगतात.

पाणी आणि अफवा, हे आपल्याला नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर, ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार’ अशी हूल उठली आणि परिषदेला आलेल्या आपल्या माणसांची डोकी फुटली.

म्हणून उद्या आपल्या वस्तीत परप्रांताचा कोणी पोटासाठी आला आणि त्याच्याविषयी काही कानावर पडले, तर पुढच्याला सांगण्याआधी एवढेच विचारू या : पाहिलं कोणी?