एक तप, एक फेरा आणि त्र्यंबकेश्वरचा गुरू

जपानी माणूस आपल्याहून बारा वर्षांनी मोठ्या व्यक्तीविषयी बोलताना अनेकदा आकडा सांगतच नाही. ती व्यक्ती आपल्याहून ‘हितोमावारी’ मोठी आहे, एवढेच म्हणतो. ‘हितो’ म्हणजे एक, ‘मावारी’ म्हणजे फेरा. मराठीत एवढ्याच काळाला ‘एक तप’ म्हणतात.

हा फेरा कशाचा? जपानमध्ये प्रत्येक वर्ष उंदीर, बैल, वाघ अशा बारा प्राण्यांपैकी एकाचे असते आणि बारा वर्षांनी तोच प्राणी परततो. ही गणना चीनमधून आली. प्राचीन चिनी ज्योतिर्विदांनी गुरूच्या आकाशातील मार्गाचे बारा भाग पाडले होते, कारण हा ग्रह सूर्याभोवतीची प्रदक्षिणा सुमारे बारा वर्षांत पूर्ण करतो. गुरूला त्यांनी नावही ‘वर्षतारा’ या अर्थाचे दिले.

‘तप’ शब्दाच्या व्युत्पत्तीत मात्र गुरू कुठेच नाही. मूळ धातू ‘तप्’, म्हणजे तापणे. बारा वर्षांचे व्रत, एका वेदाच्या अध्ययनाची बारा वर्षे, पांडवांचा बारा वर्षांचा वनवास अशा परंपरांतून या शब्दाला कालमापनाचा अर्थ चिकटला.

त्र्यंबकेश्वरी हे दोन्ही धागे एकत्र येतात. कथेप्रमाणे गौतम ऋषींनी ब्रह्मगिरीवर तप केले, गंगा अवतरली आणि दर्भाने तिला जेथे अडवले ते कुशावर्त झाले. गुरू सिंह राशीत आला की तेथे सिंहस्थ भरतो. शैव आखाडे कुशावर्तात स्नान करतात, वैष्णव नाशिकच्या रामकुंडात. मानाच्या स्नानावरून झालेल्या जुन्या रक्तरंजित संघर्षांची ही विभागणी आठवण करून देते.

खरी गंमत पुढेच आहे. गुरूच्या प्रदक्षिणेला बारा नव्हे, ११.८६ वर्षे लागतात. दर फेऱ्यात सुमारे ५० दिवस कमी पडतात. म्हणजे सुमारे ८३ वर्षांत सात फेरे होतात आणि त्यांतला एक बाराऐवजी अकरा वर्षांचा निघतो.

चिनी गणकांना ही तफावत कळली होती. कालांतराने त्यांनी वर्षांची मोजणी ग्रहापासून सोडवली आणि जपानकडे पोहोचली ती ही सुटी मोजणी. म्हणून ‘हितोमावारी’ नेमकी बारा वर्षांचीच असते. असे पाच फेरे पूर्ण झाले की साठाव्या वर्षी ‘कानरेकी’ साजरी होते आणि ज्येष्ठाला लहान बाळासारखे लाल अंगरखा-टोपी घालतात. आपल्या साठीशांतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हे जपानचेच वैशिष्ट्य म्हणावे तर तसेही नाही. साठ संवत्सरांचे चक्रही मूळचे गुरूच्या गतीवर बेतलेले. उत्तर भारतीय गणना गुरूशी मेळ राखण्यासाठी सुमारे ८५ वर्षांतून एकदा एक संवत्सर गाळते. नर्मदेच्या दक्षिणेस ही प्रथा लोपली. गुढीपाडव्याला पंचांगातून वाचले जाणारे संवत्सराचे नावही, जपानी प्राण्याप्रमाणेच, गुरू आकाशात कुठे आहे हे विचारीत नाही.

सिंहस्थ तेवढा विचारतो. २००३, २०१५ या वर्षांतील बारा वर्षांचे अंतर पाहून तो ‘दर तपाने’ येतो असे वाटते, पण पंचांगकर्ते मोजतात ते गुरूचे स्थान. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी गुरू सिंहेत प्रवेश करतो, वक्री होऊन पुन्हा कर्केत जातो आणि २०२७ च्या जूनमध्ये परततो. या येरझाऱ्यांमुळे या वेळचे सिंहस्थ पर्व जुलै २०२८ पर्यंत लांबते.